एक धावपटू, एक सही

जून महिना लागला की आमच्या घरी एक सोहळा ठरलेला असे. वडील आम्हा तिघा भावंडांना पुढे घालून पेठेतल्या बाटाच्या दुकानात नेत. दुकानातला माणूस पावलाखाली मापाची पट्टी सरकवी. मग वडील नव्या बुटाच्या टोकावर अंगठा दाबून बघत आणि म्हणत, ‘‘एक नंबर मोठाच द्या. पोरांचे पाय वाढतात, पगार वाढत नाही.’’ किंमत कायम पंच्याण्णव पैशांवर संपणारी. हे पाच पैसे कमी का, हा प्रश्न मला फार दिवस पडला होता. पुढे बँकेत नोकरीला लागल्यावर तो आपोआप सुटला.

टाटा तसे बाटा, अशी माझी समजूत होती. हे आडनाव मुळात आपल्याकडचं नाही, ते आलं झ्लीन नावाच्या एका लहानशा गावातून, आणि ते गाव तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात, मोराव्हिया प्रांतात, हे कळायला बरीच वर्षं गेली. तोमाश बाट्या याने तिथे १८९४ साली जोडे करायला सुरुवात केली आणि चाळीसेक वर्षांत ते लोण थेट कलकत्त्याजवळच्या बाटानगरपर्यंत आलं. आपल्या पायांत जोडे घालणाऱ्या त्या झ्लीनच्या कारखान्यात सोळा वर्षांचा एक पोरगा कामाला लागला होता. सुताराचा मुलगा. घरात खाणारी तोंडं पुष्कळ. त्याचं नाव एमिल झॅटोपेक.

हे नाव मात्र मला बाटाच्या आधीपासून माहीत होतं. आमच्या शाळेच्या ड्रिलमास्तरांच्या तोंडी दोनच धावपटू असत. सुसाट पळणाऱ्या मुलाला ते ‘मिल्खासिंग’ म्हणत, आणि तोंड वेडंवाकडं करत, धापा टाकत, तरीही मैदानाची शेवटची फेरी पुरी करणाऱ्याला ‘झॅटोपेक’. मी नेहमी दुसऱ्या वर्गात मोडत असे. त्यामुळे या माणसाविषयी एक जवळीक तेव्हापासून वाटत आली आहे. पुढे नोकरीत, आणि नोकरी सोडून लेखनात पडल्यावर, त्याच्याविषयी जे मिळेल ते वाचत गेलो. तीन सुवर्णपदकांची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. मला अडवून धरते ती त्या पदकांनंतरची गोष्ट. पण क्रमाने जाऊ या.

त्याने धावायला सुरुवात केली ती नाइलाजाने. १९४१ साल. देश जर्मनांच्या ताब्यात. कारखान्याच्या कडक शिस्तीच्या क्रीडाशिक्षकाने चार पोरांकडे बोट दाखवून फर्मान सोडलं, शर्यतीत पळायचं. झॅटोपेक त्यांतला एक. तो म्हणाला, माझी तब्येत बरी नसते, मला जमणार नाही. मास्तरांनी त्याला डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहे. झालं! शंभरेक मुलांत हा गडी दुसरा आला. धावायला लागल्यावर एकदम वाटलं की आपण जिंकावं, असं त्याने पुढे सांगितलं आहे. तीनच वर्षांत, १९४४ मध्ये, दोन हजार, तीन हजार आणि पाच हजार मीटर या तिन्ही अंतरांचे राष्ट्रीय विक्रम त्याच्या नावावर होते.

त्याच्या सरावाची पद्धत आज ऐकायला साधी वाटते. त्या काळी ती लोकांना वेडेपणाची वाटली. लांब पल्ल्याच्या धावपटूने लांब अंतर सावकाश पळत राहावं, असा तेव्हाचा बराचसा रिवाज. झॅटोपेकचा सवाल असा की, सावकाश पळायला शिकायचं कशाला? ते तर मला येतंच. शिकायचं ते जोरात पळायला. म्हणून तो चारशे मीटर जोरात पळे, मग दोनशे मीटर दुडक्या चालीने जाई, पुन्हा चारशे जोरात. अशा वीस फेऱ्या, पुढे चाळीस, आणि त्याहूनही जास्त. मधल्या दुडक्या चालीत श्वास पुरता खाली बसायच्या आत पुढची फेरी सुरू. शरीराला थकलेल्या अवस्थेतच वेग काढायची सवय लागावी, ही त्यामागची युक्ती. युद्धानंतर तो लष्करात दाखल झाला, तेव्हा जड लष्करी बूट घालून रानातून, बर्फातून पळायचा. हे बूट काढले की शर्यतीत पाय हलके वाटतात, असा त्याचा हिशेब. टबात कपडे भिजवून त्यावर जागच्या जागी धावायचा, म्हणजे धुणंही होई आणि सरावही, असं सांगतात. बायकोला पाठुंगळीला घेऊन पळायचा, हे मात्र नुसतं सांगण्यापुरतं नाही. त्याचे परिणाम पुढे येतील.

आणि ते धावणं! मी त्याची जुनी चित्रफीत पाहिली आहे. मान एका खांद्यावर कललेली, डोकं गदागदा हलतंय, जीभ बाहेर, चेहरा असा की पोटात कुणीतरी सुरी खुपसली असावी. हात जणू अदृश्य दोरी ओढताहेत. दर फेरीला वाटावं की हा आता कोसळणार. आणि पाय मात्र घड्याळासारखे चाललेले. चेहऱ्याविषयी कुणी छेडलं तर तो म्हणे, धावायचं आणि हसायचं ही दोन्ही कामं एकाच वेळी करण्याएवढी गुणवत्ता माझ्यात नाही.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याने दहा हजार मीटरचं सुवर्ण घेतलं आणि पाच हजारांत भिजलेल्या मैदानावर बेल्जियमच्या गास्तों रीफकडून अवघ्या दोन दशांश सेकंदाने हरला. शेवटच्या फेरीत तो इतका मागे होता की सगळ्यांनी त्याला सोडून दिलं होतं. तिथून त्याने जी धाव घेतली, तिची चर्चा जिंकलेल्या शर्यतीपेक्षा जास्त झाली.

त्याच ऑलिंपिकला त्याच्या देशाच्या पथकात भाला फेकणारी एक मुलगी होती. डाना इंग्रोव्हा. दोघांची जन्मतारीख एकच, १९ सप्टेंबर १९२२. हे कळल्यावर त्याने तिला घातलेली मागणी अशी सांगतात : आपण दोघं एकाच दिवशी जन्मलो; योगायोगाने आपलं लग्नही एकाच दिवशी झालं तर? ऑक्टोबरात ते झालं. स्थळं बघायला आलेल्या मुलांनी चहा-पोह्यांच्या ताटासमोर तोंडात मूग धरून बसायचं ही आपल्याकडची रीत ज्यांनी भोगली आहे, त्यांना या मागणीचं मोल कळेल.

मग १९५२. हेलसिंकी.

हे ऑलिंपिक आपल्या मराठी माणसांच्याही जिव्हाळ्याचं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव २३ जुलैला तिथेच कुस्तीत कांस्यपदक घेऊन उभे राहिले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं होतं. त्याच गावात, त्याच आठवड्यात झॅटोपेक धावत होता.

पण तो हेलसिंकीला पोहोचतो की नाही, हाच आधी प्रश्न होता. चेकोस्लोव्हाकियात १९४८ च्या फेब्रुवारीपासून कम्युनिस्टांची सत्ता. झॅटोपेक लष्करी अधिकारी, पक्षाचा सभासद आणि सत्तेच्या शोकेसमधली सर्वांत चकचकीत वस्तू. पथकात स्तानिस्लाव युंगविर्थ नावाचा पंधराशे मीटरचा तरुण धावपटू होता. त्याचे वडील राजकीय कैदी. म्हणून ऐनवेळी त्याचं नाव कापलं. झॅटोपेक म्हणाला, हा येणार नसेल तर मीही येत नाही. विमान गेलं, त्यात डाना गेली, हा मागे राहिला. त्या काळात, त्या देशात, गणवेशातल्या माणसाने असं म्हणणं म्हणजे काय, याची कल्पना आपल्याला येणार नाही. तुरुंग लांब नव्हता. सत्तेने हिशेब केला असावा की सुवर्णपदकाशिवाय परत येणं जास्त महाग पडेल. दोघांनाही मागाहून पाठवण्यात आलं.

पुढच्या आठवड्याची गोष्ट कादंबरीत घातली असती तर संपादकाने ‘अतिशयोक्त’ असा शेरा मारून परत केली असती. २० जुलैला दहा हजार मीटर, सुवर्ण. २४ जुलैला पाच हजार. शेवटच्या फेरीची घंटा झाल्यावर तो पुढे गेला, आणि लगेच तिघं त्याला मागे टाकून गेले : इंग्लंडचा चॅटवे, जर्मनीचा शाडे आणि फ्रान्सचा मिमून. चौथा. पदकसुद्धा हातचं गेलेलं. शेवटच्या वळणावर तो बाहेरच्या बाजूने आला, तोंड आणखी वाकडं झालं, आणि एकामागोमाग एक तिघांनाही ओलांडून गेला. चॅटवे मैदानाच्या कडेला अडखळून पडला. ती शेवटची फेरी झॅटोपेकने सुमारे ५८ सेकंदांत मारली होती, आधी साडेअकरा फेऱ्या धावून झाल्यावर.

तासाभरातच डानाची भालाफेक. नवऱ्याचं पदक तिने शकुन म्हणून आपल्या पिशवीत ठेवलं आणि पहिल्याच फेकीत ५०.४७ मीटर भाला टाकून सुवर्ण घेतलं. एमिल वार्ताहरांना ऐटीत म्हणाला की माझ्या विजयानेच तिला स्फूर्ती मिळाली. डाना म्हणाली, असं का? मग जा, दुसऱ्या कुठल्या तरी मुलीला स्फूर्ती दे आणि बघ ती पन्नास मीटर भाला फेकते का! आमच्या घरी हा किस्सा मी एकदा सांगितला. तेव्हापासून माझ्या कादंबरीला आलेल्या प्रत्येक बऱ्या अभिप्रायानंतर सौ. मला डानाची आठवण करून देते.

उरली मॅरेथॉन. झॅटोपेक जन्मात कधी मॅरेथॉन धावला नव्हता. त्याच्या शर्यतीत होता इंग्लंडचा जिम पीटर्स. सहाच आठवड्यांपूर्वी त्याने २ तास २० मिनिटं ४२ सेकंद अशी जगातली सर्वांत वेगवान मॅरेथॉन धावली होती. झॅटोपेकने सोपा मार्ग काढला. पीटर्सचा नंबर बघून ठेवला, आपली ओळख करून दिली आणि त्याच्याबरोबर पळत राहिला. पंधराएक किलोमीटर झाल्यावर त्याने भाबडेपणाने विचारलं, जिम, आपला वेग बरोबर आहे ना? पीटर्स दमला होता. याला बुचकळ्यात टाकावं म्हणून म्हणाला, फारच सावकाश चाललोय. झॅटोपेकने थोडा विचार केला, आणि वेग वाढवून निघून गेला. पीटर्स पुढे पायात गोळे येऊन शर्यतीतून बाहेर पडला. झॅटोपेक वाटेत सायकलवरच्या पोलिसांशी, प्रेक्षकांशी गप्पा मारत, दोन तास तेवीस मिनिटं आणि तीन सेकंदांत स्टेडियममध्ये शिरला. लोक उभं राहून त्याच्या नावाचा घोष करत होते. जमैकाच्या रिले संघाने त्याला खांद्यावर घेतलं. दुसरा धावपटू, अर्जेंटिनाचा गोर्नो, अडीच मिनिटांनी आला, तेव्हा हा सोडलेल्या संत्र्याच्या फोडी घेऊन त्याच्या स्वागताला उभा.

पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन ही तिन्ही सुवर्णपदकं एकाच ऑलिंपिकमध्ये त्याच्यानंतर कुणालाही मिळवता आलेली नाहीत. बाकीचे आकडे थोडक्यात सांगतो. दहा हजार मीटरमध्ये १९४८ पासून १९५४ पर्यंत सलग अडतीस शर्यतींत तो अजिंक्य. एका तासात वीस किलोमीटर पार करणारा पहिला माणूस तो, १९५१ मध्ये. दहा हजार मीटर एकोणतीस मिनिटांच्या आत धावणारा पहिलाही तोच, १९५४ मध्ये. एकूण अठरा जागतिक विक्रम.

पाठुंगळीचा हिशेब १९५६ साली चुकता झाला. मेलबर्न ऑलिंपिकच्या तयारीत डानाला खांद्यावर घेऊन धावताना त्याला हर्निया झाला, शस्त्रक्रिया करावी लागली. डॉक्टरांनी दोन महिने विश्रांती सांगितली; साहेब लवकरच पळायला लागले. मॅरेथॉनमध्ये सहावा आला. पहिला आला होता आलँ मिमून, अल्जीरियात जन्मलेला फ्रेंच धावपटू. लंडनमध्ये एकदा आणि हेलसिंकीत दोनदा, असा तीनदा तो झॅटोपेकच्या मागे दुसरा आला होता. जिंकूनही मिमून तिथेच थांबून राहिला, मित्राची वाट बघत. झॅटोपेक आला तो झिंगल्यासारखा, डोळे कुठेतरी. मिमून म्हणाला, एमिल, माझं अभिनंदन नाही करणार? मी ऑलिंपिक विजेता झालो. झॅटोपेक भानावर आला, डोक्यावरची टोपी काढली, ताठ उभा राहून त्याला सलाम केला आणि मिठी मारली. मिमून पुढे म्हणत असे की मला ते पदकापेक्षा मोठं वाटलं.

दहा वर्षांनी, १९६६ मध्ये, ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क प्रागला आला. हा झॅटोपेकच्या पुढच्या पिढीतला विक्रमवीर. विक्रमांची रास त्याच्या नावावर, पण ऑलिंपिकचं सुवर्ण नाही. टोकियोत मिळालं ते कांस्य. झॅटोपेकने त्याचा पाहुणचार केला, विमानतळावर पोहोचवायला गेला आणि निघताना कागदात गुंडाळलेली एक लहान वस्तू त्याच्या हातात सरकवली. क्लार्क घाबरला. पोलादी पडद्याआडचा देश. कुणासाठी काही चोरून पाठवत असेल तर? विमान सुटल्यावर त्याने ती पुडी सोडली. आत हेलसिंकीचं दहा हजार मीटरचं सुवर्णपदक होतं, त्यावर क्लार्कचं नाव घालून दिलेलं. मैत्रीखातर नव्हे, तू याला पात्र आहेस म्हणून, असं झॅटोपेक त्याला म्हणाला होता. दोन वर्षांनी मेक्सिकोत, त्या उंचीवरच्या विरळ हवेत, क्लार्क दहा हजार मीटरच्या अखेरीस कोसळला. सुवर्ण त्याला कधीच मिळालं नाही, म्हणजे ते एक सोडून.

पुष्कळसे लेख इथे थांबतात. मलाही थांबता आलं असतं.

१९६८ च्या सुरुवातीला प्रागमध्ये वारं फिरलं. अलेक्झांडर दुब्चेक पक्षाचा प्रमुख झाला. वर्तमानपत्रांवरची सेन्सॉरशिप सैल झाली, लोक मोकळेपणाने बोलू लागले. जूनमध्ये लेखक लुडविक वात्सुलिक याने ‘दोन हजार शब्द’ या नावाचं जाहीर निवेदन लिहिलं. सुधारणा थांबवू नका, असा त्याचा सूर. त्यावर सही करणाऱ्या नामवंतांत कर्नल झॅटोपेक होता. २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत रणगाडे देशात घुसले. झॅटोपेक प्रागच्या वेन्सेस्लास चौकात गेला, आणि रणगाड्यांवर बसलेल्या कोवळ्या सैनिकांशी त्यांच्याच रशियन भाषेत बोलू लागला. ऑलिंपिकच्या काळात युद्ध थांबवण्याची जुनी परंपरा आहे, हे त्यांना सांगू लागला. सोव्हिएत संघाला मेक्सिको ऑलिंपिकमधून वगळा, अशी त्याने जाहीर मागणी केली.

शिक्षा सावकाश आली, फाईल फिरावी तशी. १९६९ मध्ये त्याला पक्षातून काढलं, लष्करातूनही. प्रागमध्ये काम मिळेना. तो कचऱ्याच्या गाडीवर काम करत होता, लोक ओळखून मदतीला धावत, अशी एक गोष्ट जगभर फिरली. युरेनियमच्या खाणीत पाठवलं, अशीही. गोष्टी आपल्याला हव्या तशा वाढतात. घडलं ते रुक्ष होतं. जमिनीत भोकं पाडून पाणी आणि थर तपासणाऱ्या पथकात त्याला मजुरी मिळाली. आपल्याकडे बोअरची गाडी गावोगाव फिरते, तसं समजा. गावाबाहेर माळावर पत्र्याच्या गाडीत राहायचं, दिवसभर चिखलात नळ्या जोडायच्या, आठवड्याअखेरी जमलं तर प्रागला डानाकडे जायचं. अशी सुमारे पाच वर्षं. वय सत्तेचाळीसच्या पुढे. या दिवसांत तो पीत असे, असंही त्याच्या चरित्रकारांनी लिहिलं आहे.

आणि मग ती गोष्ट. १९७१ साली पक्षाच्या मुखपत्रात त्याच्या नावाने मजकूर छापून आला. १९६८ मध्ये आपलं चुकलं, अशा अर्थाचा. हजार माणसांनी तेव्हा असे कागद लिहून दिले. पण हा झॅटोपेक होता. युंगविर्थसाठी विमान सोडणारा, रणगाड्यांपुढे उभा राहणारा. ज्यांनी सह्या दिल्या नाहीत आणि त्यापायी मुलांची शिक्षणं, घरं, तब्येती घालवल्या, त्यांच्यातल्या कित्येकांनी त्याला कधी माफ केलं नाही. त्यांचं चुकलं, असं मी म्हणू शकत नाही. पुढे त्याला प्रागमध्ये परत घेतलं, क्रीडाविषयक परदेशी मासिकं वाचून त्यांतलं उपयोगाचं भाषांतर करण्याच्या कारकुनी कामावर. भाषा त्याला बऱ्याच येत. जगातला सर्वांत नावाजलेला धावपटू एका टेबलाशी बसून इतरांच्या सरावाच्या पद्धतींचे उतारे काढत असे.

त्या सहीपाशी मी वर्षानुवर्षं अडखळलो आहे. कारण सांगतो, पण नावं सांगणार नाही.

१९८७ साल. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या बँकेच्या शाखेत होतो. कर्जमेळ्यांचे दिवस. वरून याद्या येत आणि आम्ही त्यांवर शिफारशी लिहायच्या. आमच्यातल्या एका फील्ड ऑफिसरने एका यादीवर लिहायचं नाकारलं. यांतल्या निम्म्या लोकांकडे दाखवायला म्हैसही नाही, गोठाही नाही, मी पाहून आलोय, एवढंच तो म्हणाला. आवाजही चढवला नाही. पंधरा दिवसांनी मोठ्या कार्यालयातून टाईप केलेला एक कागद आला. सदर अधिकाऱ्याची वर्तणूक सहकाऱ्यांशी उद्धटपणाची व असहकाराची आहे, आम्ही खाली सही करणार, वगैरे. माझी मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती, आणि गावाकडच्या बदलीचा माझा अर्ज त्याच कार्यालयात पडून होता. मी सही केली. पेन चांगलं चालत नव्हतं, म्हणून दुसरं मागून घेतलं, हेही आठवतं. त्याची बदली थेट आसामात झाली. माझी गावाकडे.

बावीस वर्षांनी एका लग्नात तो भेटला. केस पांढरे, तब्येत बरी. आईस्क्रीमची वाटी हातात घेऊन शेजारी येऊन बसला, मुलगी काय करते विचारलं, माझी एक कादंबरी वाचल्याचं सांगितलं आणि तिच्यातल्या बँकेच्या प्रसंगात व्हाऊचरची एक चूक आहे, ती दाखवली. चूक खरीच होती. त्या कागदाबद्दल तो बोलला नाही. मीही नाही. घरी येऊन मी सौ.ला सांगितलं, तर ती म्हणाली, त्याला माहीतच नसेल. बँकेत असल्या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात, हे तिला काय ठाऊक!

झॅटोपेकची आणि माझी तुलना नाही. माझ्यापुढे रणगाडा नव्हता आणि मी आधी कुणासाठी विमानही सोडलं नव्हतं. म्हणून तर मला त्याचा पेच अवघड वाटतो. एकदा हिंमत केलेल्या माणसाला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ती करावीच लागते, लोक तेवढं धरून चालतात. शर्यतीला निदान अंतर ठरलेलं असतं. पंचवीस फेऱ्या म्हणजे पंचवीस. घंटा वाजते, शेवटची फेरी आहे असं कळतं, आणि त्या एका फेरीपुरतं माणूस अंगातलं सगळं काढू शकतो. माळावरच्या त्या पत्र्याच्या गाडीत घंटा वाजणार कधी, हे त्याला कोण सांगणार होतं? वीस वर्षं लागली. अर्थात, हाच प्रश्न सही न देणाऱ्यांपुढेही होता, आणि त्यांनी दिली नाही. हे वाक्य मी खोडून पुन्हा लिहिलं आहे.

आणखी एक. तो स्वतः याविषयी फारसं बोलला नाही. १९८९ मध्ये ती सत्ता कोसळली. १९९० च्या मार्चमध्ये त्याला लष्करातून काढल्याबद्दल सरकारने रीतसर माफी मागितली, आणि १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव हावेल यांनी त्याला ‘श्वेत सिंह’ हा सन्मान दिला. हावेल स्वतः सही न देणाऱ्यांपैकी, त्यासाठी तुरुंगात गेलेले. दोन्ही बाजूंनी लोक त्याच्या तोंडून काहीतरी काढू बघत. बळी म्हणून मिरवायची त्याला आयती संधी होती. कचऱ्याच्या गाडीची गोष्ट त्याने नुसती मान डोलावून मान्य केली असती, तरी जगाने डोळे पुसले असते. तो विषय हसून टाळे आणि पाहुण्याच्या पेल्यात काय हवं ते विचारी. फ्रेंच कादंबरीकार जाँ एशनोज यांनी २००८ मध्ये त्याच्यावर एक लहानशी कादंबरी लिहिली. तिचंही मला अप्रूप वाटतं ते यासाठी की त्यांनी त्याच्या मनात फार शिरायचा प्रयत्न केलेला नाही. माझ्या हातून तो मोह आवरला नसता.

नोव्हेंबर २००० मध्ये प्रागच्या लष्करी इस्पितळात तो गेला. वय अठ्ठ्याहत्तर. अंत्यदर्शन राष्ट्रीय नाट्यगृहात झालं. रॉन क्लार्क २०१५ मध्ये गेला. डाना मात्र पुष्कळ जगली. १९६० मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, रोमला तिने रौप्यपदकही मिळवलं होतं. नवऱ्याची सगळी पडझड तिने पाहिली, सोसली आणि त्याच्यामागे वीस वर्षं त्याच्याविषयी आलेल्या-गेलेल्यांना हसत सांगत राहिली. १३ मार्च २०२० ला, सत्त्याण्णव वर्षांची होऊन ती गेली. आपल्याकडे टाळेबंदी लागायला बाराच दिवस उरले होते, वर्तमानपत्रांना दुसऱ्या बातम्या पुष्कळ होत्या. मोराव्हियातल्या रोझ्नोव्ह या गावी, लाकडी घरांच्या जुन्या वस्तीजवळच्या दफनभूमीत दोघं आहेत. झ्लीन तिथून फार लांब नाही.